थर्मोस्टॅट चालू, फरशी थंड: इलेक्ट्रिक फ्लोअर हीटिंग बिघडलं तर आधी काय तपासायचं

इंग्लंडात नोव्हेंबर लागला की ओळखीच्या मराठी घरांतून एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात: "बाथरूमची फरशी तापत नाहीये, थर्मोस्टॅट गेलाय, नवा कुठला घेऊ?" मी इथे इलेक्ट्रिकची कामं करतो आणि माझं उत्तर ठरलेलं आहे. अजून काही विकत घेऊ नका. थर्मोस्टॅट जळतो, पण लोकांना वाटतं त्यापेक्षा फारच कमी वेळा. बहुतेक वेळा तो दिलेला हुकूम पाळत असतो. घोटाळा त्या हुकमात असतो, नाहीतर फरशीखालच्या सेन्सरकडून त्याला मिळणाऱ्या बातमीत.

खालचं सगळं फरशीखाली घातलेल्या इलेक्ट्रिक मॅटबद्दल किंवा केबलबद्दल आहे. गरम पाण्याच्या पाइपांवर चालणारं हीटिंग असेल तर त्याची कंट्रोल्स वेगळी असतात. तिथे हे लागू करू नका.

लक्षणं

आधी आपलं लक्षण नीट ओळखा. "चालत नाही" या दोन शब्दांत निदान सहा वेगळे बिघाड बसतात.

स्क्रीन पूर्ण काळी आहे, बटण दाबूनही काही उजळत नाही, तर वीजच पोचत नाहीये किंवा थर्मोस्टॅट खरंच गेलाय. स्क्रीन चालू आहे पण हीटिंगचं चिन्ह, म्हणजे ज्योत किंवा नागमोडी रेघा, दिसतच नाही, तर थर्मोस्टॅटला तापवायची गरज वाटत नाहीये, सेटिंग बघा. चिन्ह दिसतं, टिक असा आवाजही येतो, तरी तासाभराने फरशी थंडच, तर वीज मॅटपर्यंत जात नाही किंवा मॅट तुटलीय. तापमानाच्या जागी आडव्या रेघा किंवा एररचा कोड आला, तर नव्वद टक्के संशय सेन्सरवर ठेवा. कोडचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, त्यामुळे तो मॅन्युअलमध्येच बघावा.

यांखेरीज दोन लक्षणं वेगळी काढतो, कारण त्यांत थांबायला वेळ नाही. हीटिंग लागताच आरसीडी (वीज गळली की पुरवठा तोडणारा सुरक्षा-स्विच) पडणं, आणि थर्मोस्टॅट बंद केला तरी फरशी तापतच राहणं. या दोन्हीत फ्यूज्ड स्पर, म्हणजे मॅटच्या सर्किटचा भिंतीवरचा फ्यूजवाला स्विच, बंद करा आणि खालच्या सोप्या तपासण्या सोडून सरळ शेवटाकडे जा.

स्क्रू ड्रायव्हर न उचलता करायच्या तपासण्या

पहिली तपासणी अशी की सांगायलाही संकोच वाटतो: स्पर चालू आहे का? मॅटचं सर्किट बहुधा भिंतीवरच्या एका स्विचमधून येतं आणि त्यात छोटा फ्यूज असतो. हा स्विच कपाटात, बाथरूमबाहेर, कधी दाराच्या वर अशा अनाकलनीय जागी असतो. उन्हाळ्यात कोणीतरी तो बंद करतं आणि हिवाळ्यापर्यंत विसरतं. स्परवर लाल दिवा असेल तर काम एका नजरेत होतं.

मग स्क्रीनवरची छोटी चिन्हं बघा. हिमकणाचं चिन्ह म्हणजे फ्रॉस्ट मोड. फरशी पाच-सात अंशांच्या खाली जाऊ नये एवढंच काम तो करतो. सूटकेसचं चिन्ह म्हणजे हॉलिडे मोड. डिसेंबरात भारतात जाताना लावलेला हॉलिडे मोड जानेवारीत परत आल्यावर तसाच राहिलेला मी इतक्या घरांत पाहिलाय की आता फोनवर पहिला प्रश्न तोच विचारतो. कुलपाचं चिन्ह म्हणजे बटणं लॉक आहेत, हे लहान मुलांच्या घरात हमखास.

त्यानंतर घड्याळ. इथे मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे-मागे होतात. काही थर्मोस्टॅट स्वतः बदलतात, काही बदलत नाहीत, आणि काहींत ती सोय असते पण बंद केलेली असते. वीज बराच वेळ गेली असेल तर जुन्या मॉडेलचं घड्याळ पार शून्यावर येतं. मग सकाळी साडेसहाला लावलेलं हीटिंग दुपारी लागतं. दुपारी घरी कोणीच नसतं, त्यामुळे "कधीच लागत नाही" अशी तक्रार येते. वायफायवाल्यांसाठी एक जोड: राउटर बदलला असेल तर बहुतेक थर्मोस्टॅटना २.४ गीगाहर्ट्झचं नेटवर्क लागतं हे लक्षात ठेवा. अॅपला सापडत नाही म्हणजे हीटिंग बिघडलंय असं नव्हे. भिंतीवरच्या बटणांनी ते चालवून बघा.

आता दोन गोष्टी, ज्यांवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण खऱ्या बिघाडापेक्षा याच जास्त भेटतात.

एक, थर्मोस्टॅट नेमकं कशाचं तापमान मोजतोय? त्याला दोन कान असतात असं समजा: एक त्याच्या स्वतःच्या पोटातला, हवेचं ऐकणारा, दुसरा वायरीच्या टोकाला, फरशीत पुरलेला. कोणत्या कानाने ऐकायचं ते सेटिंगमध्ये ठरतं. ब्रिटनमध्ये बाथरूमच्या ओल्या भागात साधा थर्मोस्टॅट लावता येत नाही, म्हणून तो बरेचदा बाहेर लँडिंगच्या भिंतीवर असतो. आता कोणी फॅक्टरी रीसेट केलं, किंवा नवा थर्मोस्टॅट बसवून मूळ सेटिंग तसंच सोडलं, तर तो हवेच्या मोडवर जाऊ शकतो. मग तो लँडिंगची हवा मोजतो. लँडिंगवर रेडिएटर असतो, तिथे २१ अंश आरामात असतात, आणि बाथरूमची फरशी बर्फ झाली तरी याला त्याची खबर नसते. मेन्यूत फ्लोअर मोड किंवा "हवा आणि फ्लोअर लिमिट" असे पर्याय सापडतील. बाहेर लावलेल्या थर्मोस्टॅटला फ्लोअर मोडच हवा.

दोन, आकडा. फ्लोअर मोडवर २१ ठेवलं तर फरशी २१ अंशांवर राहते. खोलीला २१ छान वाटतात, म्हणून लोक सवयीने तोच आकडा घालतात. पण तळपायाची त्वचा साधारण तीस अंशांच्या आसपास असते, आणि टाइल उष्णता झपाट्याने खेचून घेते. २१ अंशांची टाइल पायाला गारच लागणार. २६-२७ करून तासभर थांबा, तक्रार बहुधा तिथेच मिटते. टाइल-दगडाला यापेक्षा थोडं वर गेलं तरी चालतं. मात्र वर लाकूड, लॅमिनेट किंवा व्हिनाइल असेल तर बहुतेक उत्पादक २७ अंशांची कमाल मर्यादा घालून देतात, ती फ्लोअर लिमिटमध्ये लावलेली असते आणि ती वाढवायची नाही. फरशी फुगते, सांधे उघडतात, आणि वॉरंटीही हातची जाते.

याच वर्गातला आणखी एक खोटा बिघाड आहे. युरोपीय इकोडिझाइन नियमांमुळे १ जानेवारी २०१८ नंतरच्या थर्मोस्टॅटमध्ये "उघडी खिडकी ओळखणे" आणि "अॅडॅप्टिव्ह स्टार्ट" यांसारख्या सोयी आल्या. पहिलीत तापमान अचानक घसरलं की थर्मोस्टॅट समजतो खिडकी उघडलीय आणि काही काळ हीटिंग थांबवतो. अंघोळीनंतर वाफ जायला खिडकी उघडायची सवय असेल तर हे रोज होणार. दुसरीत तुम्ही साडेसहाची वेळ दिली तर तो साडेसहापर्यंत फरशी तापलेली असावी म्हणून पाच-साडेपाचलाच सुरू होतो. "रात्री आपोआप लागतं" ही तक्रार त्यातलीच. दोन्ही मेन्यूतून बंद करता येतात. पहिली बाथरूमसाठी मी बहुधा बंदच करतो.

आणि सेन्सरच्या जागेवर जाड पायपुसणं किंवा कपड्यांची टोपली ठेवली असेल तर ती उचला. तिच्याखाली उष्णता साठते, सेन्सरला फरशी तापलेली वाटते, तो वीज तोडतो आणि उरलेली खोली थंड राहते. रबरी बुडाची पायपुसणी खालच्या केबललाही घातक असतात.

वीज खरंच जाते का, हे काही न उघडता

घरात स्मार्ट मीटरचा छोटा डिस्प्ले असेल तर ही तपासणी फुकट आहे, आणि माझी आवडती. किटली, ओव्हन, वॉशिंग मशीन बंद असताना डिस्प्लेवरचा चालू वापर बघा. मग थर्मोस्टॅटचं तापमान एकदम वाढवा आणि पंधरा-वीस सेकंद थांबा. मॅट सहसा दर चौरस मीटरला १५० किंवा २०० वॅटची असते. तीन चौरस मीटरची १५० वॅटवाली मॅट म्हणजे ४५० वॅट. डिस्प्लेवर वापर सुमारे ०.४५ किलोवॅटने वाढला पाहिजे.

वाढला, म्हणजे थर्मोस्टॅट, वायरिंग, मॅट तिन्ही काम करतायत, आणि प्रश्न वेळेचा किंवा सेटिंगचा आहे. मॅटखाली इन्सुलेशन बोर्ड नसतील तर काँक्रीट आधी तापतं, टाइल मागाहून. त्याला काही तास लागू शकतात आणि ते कोणत्याही थर्मोस्टॅटने सुधारत नाही. आकडा हललाच नाही, तर पुढे वाचा. अर्ध्यानेच वाढला आणि दोन मॅट असतील, तर एक बंद आहे. तापमान खाली आणूनही आकडा उतरला नाही, तर थर्मोस्टॅटमधला रिले, म्हणजे मॅटची वीज चालू-बंद करणारा आतला स्विच, चिकटलाय. स्पर बंद करा, थर्मोस्टॅट बदलायचाच. नवा घेणं योग्य ठरतं अशी ही पहिली जागा.

इथे थांबून विचार करा

यापुढे झाकणं उघडावी लागतात. भाड्याचं घर असेल तर थांबा आणि घरमालकाला कळवा. दुरुस्ती त्याने करायची असते. वीज तोडून ती खरंच तुटलीय हे दोन टोकांच्या व्होल्टेज टेस्टरने पडताळायची सवय नसेल तरीही थांबा. भारतातून आणलेला दिव्याचा टेस्टर स्क्रू ड्रायव्हर या कामाचा नाही. तो पेटला नाही म्हणजे वायर मेलेली आहे असा अर्थ निघत नाही. स्पर बंद करा, कन्झ्युमर युनिटमधला (घराच्या मुख्य फ्यूज-बॉक्समधला) त्या सर्किटचा एमसीबी, म्हणजे छोटा ब्रेकर, हाही पाडा, टेस्टर आधी चालू सर्किटवर तपासा, मग इथे लावा, मग परत चालू सर्किटवर. हा क्रम कंटाळवाणा आहे, तरी सोडायचा नाही.

एक गोष्ट पुष्कळ जणांना माहीत नसते. सेन्सरची वायर बारीक असते, म्हणून ती दाराच्या बेलसारखी निरुपद्रवी वाटते. अनेक थर्मोस्टॅटमध्ये ती मेन्सपासून वेगळी केलेली नसते, तिच्यावर पूर्ण २३० व्होल्ट असू शकतात. वीज चालू असताना तिला हात लावू नका.

झाकणाखाली

सगळ्यात स्वस्त आधी: स्परमधला फ्यूज. काही पेन्सचा भाग. तीन अँपिअरचा फ्यूज साधारण ६९० वॅटपर्यंतच पुरतो. मोठ्या मॅटवर तो लावला असेल तर दर हिवाळ्यात जाणार. पण योग्य आकाराचा फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर वरचढ फ्यूज घालण्याचा मोह टाळा. तो काहीतरी सांगतोय.

मग थर्मोस्टॅट भिंतीवरून सैल करा. पुष्कळ मॉडेलमध्ये पुढचा स्क्रीनचा भाग मागच्या पायावर पिनांनी बसतो. रंगकाम करताना कोणी तो काढून अर्धवट दाबला असेल तर स्क्रीन काळी पडते; नीट बसवला की झालं. त्यानंतर प्रत्येक टर्मिनलमधली वायर हलके ओढून बघा. भिंतीतला डबा ३५ मिलिमीटर खोल असावा. २५ चा असेल तर वायरी कोंबलेल्या असतात आणि स्क्रू घट्ट केलेली वायरही झाकण दाबताना निसटते. टर्मिनलपाशी तपकिरी डाग किंवा वितळलेलं प्लॅस्टिक दिसलं, तर ती सैल जोडणी तापत होती. मग नुसता स्क्रू आवळून भागत नाही, थर्मोस्टॅट बदलावा लागतो आणि वायरीचं जळकं टोक कापून नवं काढावं लागतं.

आता सेन्सर. त्याच्या दोन्ही वायरी थर्मोस्टॅटमधून काढा, नाहीतर मीटर थर्मोस्टॅटचं सर्किटही मोजतो आणि आकडा फसवा येतो. मल्टीमीटर किलोओहमवर ठेवा. ब्रिटनमध्ये नेहमी भेटणारा सेन्सर २५ अंशांना १० किलोओहमचा असतो, आणि फरशी जितकी थंड तितका रोध (रेझिस्टन्स) जास्त: २० अंशांना सुमारे साडेबारा, १५ ला पावणेसोळाच्या आसपास, १० ला वीस. मीटरवर काहीच आलं नाही तर वायर तुटलीय. शून्याजवळ आलं तर दोन वायरी आत एकमेकींना भिडल्यात. आकडा सतत नाचत असेल तर बहुधा कुठेतरी ओल शिरलीय.

सगळे सेन्सर १० किलोओहमचे नसतात. १२ आणि १५ किलोओहमचेही आहेत. कंपनी बदलून नवा थर्मोस्टॅट लावला आणि तेव्हापासून तापमान विचित्र दिसतंय, तर कारण बहुधा हेच. १२ चा सेन्सर १० च्या थर्मोस्टॅटला लावला तर २५ अंशांची फरशी त्याला २१ ची वाटते आणि तो उगाच चार अंश जास्त तापवत राहतो. लाकडी फरशीखाली हे धोक्याचं आहे. काही मॉडेलमध्ये सेन्सरचा प्रकार मेन्यूतून निवडता येतो. नसेल तर जुळणाराच थर्मोस्टॅट घ्यावा लागतो.

सेन्सर गेलाच असेल तर तो प्लॅस्टिकच्या नळीत घातलाय का बघा. असेल तर जुना ओढून काढता येतो आणि नवा, फारच स्वस्तातला, सरकवता येतो. नळीचं टोक बसवताना बंद केलं नसेल तर आत टाइलचा चिकट मसाला शिरून सेन्सर तिथेच पक्का झालेला असतो. जोर लावू नका. डब्यात शोधा, शहाण्या माणसाने बसवलं असेल तर दुसरा, न जोडलेला सेन्सर गुंडाळून ठेवलेला मिळतो. तोही नसेल आणि थर्मोस्टॅट त्याच खोलीत असेल, तर टाइलच्या फरशीला हवेच्या मोडवर चालवून वेळ निभावते. लाकडाखाली हा पर्याय नाही, तिथे फरशीचा सेन्सर असलाच पाहिजे.

शेवटची घरगुती तपासणी मॅटची. तिच्या दोन वायरी थर्मोस्टॅटमधून काढून त्यांच्यातला रोध मोजा. असायला हवा तो आकडा सोप्या गणिताने निघतो: २३० चा वर्ग भागिले वॅट. ४५० वॅटला सुमारे ११८ ओहम, ६०० वॅटला ८८. पाच टक्के खाली, दहा टक्के वर एवढा फरक उत्पादक धरतात. रोध ठीक, थर्मोस्टॅटला वीज येतेय, सेन्सर ठीक, सेटिंग ठीक, आणि तरीही डिस्प्ले म्हणतो वापर शून्य? मग थर्मोस्टॅट गेलाय. आता खुशाल नवा आणा. टचस्क्रीनवर पैसे घालण्यापेक्षा १६ अँपिअरचा, सेन्सरशी जुळणारा साधा प्रोग्रॅमेबल घ्या, असं माझं मत. ओल्या बोटांना बटणं बरी पडतात.

इलेक्ट्रिशियनला बोलवायची वेळ

मॅटचा रोध मीटरवर येतच नाही, किंवा हिशोबापेक्षा फार वेगळा आहे. आरसीडी पडतो. थर्मोस्टॅट बंद करूनही फरशी तापत राहते. टर्मिनल जळलंय. एकूण भार ३,६८० वॅटच्या पुढे आहे, म्हणजे १६ अँपिअरच्या थर्मोस्टॅटच्या बाहेर. यांतलं एकही असेल तर तुमचं काम संपलं.

आरसीडीच्या बाबतीत एक फसगत होते. थर्मोस्टॅट बंद असतानाही तो पडतो, म्हणून लोक मॅटला निर्दोष ठरवतात. पण काही थर्मोस्टॅट फक्त लाइव्ह तोडतात, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. मॅटमध्ये न्यूट्रलची आणि अर्थिंगची वायर एकमेकींना लागल्या असतील तर घरातलं दुसरंच काही चालू केल्यावरही ३० मिलिअँपिअरचा आरसीडी पडू शकतो. हे साध्या मल्टीमीटरने पकडता येत नाही. त्यासाठी ५०० व्होल्टची इन्सुलेशन चाचणी लागते, तीही थर्मोस्टॅट सर्किटमधून काढून, नाहीतर त्याचं इलेक्ट्रॉनिक्स उडतं.

एनआयसीईआयसी किंवा नॅपिट या इलेक्ट्रिशियनांची नोंदणी करणाऱ्या संस्थांकडे नोंदलेला माणूस बघा, आणि केबलचा दोष शोधायचं यंत्र आहे का हे फोनवरच विचारा, सगळ्यांकडे नसतं. तो येण्याआधी तीन गोष्टी शोधून ठेवा: मॅटच्या वॅटचं लेबल, बसवताना लिहिलेलं रोधाच्या चाचण्यांचं कार्ड, आणि टाइल घालण्यापूर्वी काढलेला मॅटचा फोटो. आधीच्या घरमालकाकडे फोटो असेल तर जरूर मागा. अलीकडे फरशीत काय काय खोचलं तेही आठवून सांगा: दाराचा स्टॉपर, कमोडचे नवे स्क्रू, खरवडून पुन्हा भरलेलं ग्राउट. तुटलेली जागा बहुतेक वेळा तिथेच सापडते. जागा नक्की कळली तर एखादी टाइल उचलून सांधा देता येतो, म्हणून घरात उरलेल्या टाइल फेकू नका.

नाहीच जमलं आणि मॅट कायमची सोडून द्यायची ठरली, तर तिच्या वायरींना टेप गुंडाळून डब्यात कोंबू नका. त्या थर्मोस्टॅटमधून काढून बंद कनेक्टरमध्ये टाकायच्या, पुरवठा स्परपाशी तोडायचा, डब्यावर कोरं झाकण बसवायचं, आणि कन्झ्युमर युनिटच्या यादीत त्या सर्किटसमोर तसं लिहून ठेवायचं.